हुंकार : मानसोपचारातील मूक संवादाविषयी काही विचार

चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने निघाले म्हणजे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर गुम्मिडिपूंडी हे गाव लागते. तमिळनाडूची हद्द येथून जवळच संपते आणि आंध्र प्रदेशाची सुरू होते. त्यामुळे गावात तमिळबरोबर तेलुगूही सहज कानी पडते. राज्याच्या औद्योगिक महामंडळाने येथे मोठी औद्योगिक वसाहत वसविली आहे. तिच्यातील पोलादाच्या आणि इतर कारखान्यांत बिहार, ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार राबतात. याच गावी श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांची एक मोठी छावणी आहे. १९८३ नंतर त्या बेटावर जी यादवी पेटली, तिच्यामुळे समुद्र ओलांडून आलेली ही माणसे होत. २०२१ साली तमिळनाडू शासनाने अशा छावण्यांना ‘पुनर्वसन छावणी’ हे नाव दिले.

मानसोपचारावरील लेखात एका कारखानदारी गावाचे वर्णन कशाला, असे वाचकास वाटेल. त्याचे कारण असे. मानसोपचार हा शब्दांनी करावयाचा उपचार आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. रुग्ण बोलतो, उपचारक ऐकतो, आणि योग्य वेळी चार शब्द बोलतो. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संशोधनाने हे दाखवून दिले आहे, की या बोलण्याच्या खाली दुसरा एक संवाद अखंड चालू असतो. तो नजरेचा, आवाजाच्या चढउताराचा, श्वासाच्या गतीचा, बसण्याच्या ढबीचा आणि मध्येच पडणाऱ्या शांततेचा असतो. हा दुसरा संवाद किती महत्त्वाचा आहे आणि त्याच्यावर किती भार टाकता येईल, हे पुस्तकी उदाहरणांवरून नीट कळत नाही. जेथे उपचारक आणि रुग्ण यांची भाषा एक नाही, अथवा भाषा एक असूनही विश्वास नाही, अशा ठिकाणी त्याची खरी परीक्षा होते. गुम्मिडिपूंडी हे असे ठिकाण आहे. आणि आज भिवंडी, चाकण, तळोजा येथेही निराळी स्थिती नाही.

‘सूर जुळणे’ म्हणजे काय?

इंग्रजी ग्रंथांत या मूक मेळासाठी जी संज्ञा वापरतात, तिचा मूळ अर्थ वाद्य सुरात लावणे असा आहे. तिच्यासाठी ‘अनुसंधान’, ‘समस्वरता’ असे संस्कृत शब्द घडविता येतात आणि परिभाषाकोशात ते शोभूनही दिसतात. परंतु ‘त्या दोघांचे सूर जुळले’ हे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतोच, आणि त्या म्हणण्यात नेमका हाच आशय आहे. गवय्याबरोबर तंबोरा लावणारा तंबोऱ्यालाच गावयास लावीत नाही. गाणाऱ्याचा षड्ज कोठे आहे हे ऐकून तो तारा त्याच्याशी मिळवून घेतो. उपचारकाचे कामही काहीसे असेच आहे.

याहूनही जवळचा शब्द आपल्या घरात आहे, तो म्हणजे ‘हुंकार’. वडीलधारे माणूस गोष्ट सांगू लागले म्हणजे ऐकणाऱ्याने मधून मधून ‘हूं’ म्हणावयाचे असते. हुंकार थांबला, की सांगणारा विचारतो, ‘झोपलास का रे?’ या हुंकारात शब्द नाही, माहिती नाही. तरी तो योग्य ठिकाणी आला नाही तर गोष्ट अडते. तो उतावळेपणाने आला तर ऐकणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे आहे हे सांगणाऱ्यास तत्काळ कळते. सूर जुळणे म्हणजे काय, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे. त्यात नक्कल नाही. वेळ साधणे आहे.

शास्त्राचा मागोवा

भावनांच्या देहचिन्हांचा अभ्यास आपल्याकडे प्राचीन आहे. नाट्यशास्त्राने स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले. परंतु तो अभ्यास रंगभूमीसाठी होता. आधुनिक विज्ञानात या विषयाचा पाया चार्ल्स डार्विन याने घातला. मनुष्य आणि पशू यांच्या भावदर्शनावरील त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्याने जगभरच्या परिचितांकडे प्रश्नावली पाठविली होती. मराठी वाचकास विशेष वाटावी अशी गोष्ट ही, की त्याच्या माहितगारांपैकी एक इंग्रज गृहस्थ अहमदनगर जिल्ह्यात राहत होता. त्याने तेथील लोकांचे निरीक्षण केले, पण खात्रीचा निष्कर्ष काढणे त्याला फार कठीण गेले; कारण युरोपियन माणसासमोर हे लोक आपल्या भावना सवयीने लपवीत असत. डार्विनने हे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रांजळपणे नोंदविले आहे.

या छोट्याशा नोंदीत मोठा धडा आहे. चेहरा हे सर्वांना सदैव वाचता येणारे पुस्तक नव्हे. वाचणारा कोण आहे, त्याच्या हाती कोणती सत्ता आहे, यावर ते पुस्तक उघडावयाचे की मिटावयाचे हे ठरते. साहेबासमोर मिटलेले चेहरे आपल्या घरी गेल्यावर खासच हसत-रडत असतील. म्हणजे अडचण चेहऱ्यांत नव्हती, ती नात्यात होती.

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने रुग्णास कोचावर निजवून आपण त्याच्या मागे बसण्याची पद्धत ठेवली. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहावे हे आपणास सहन होत नाही, असे एक कारण त्याने १९१३ साली दिले आहे. चेहऱ्याला चेहरा दिसत नसला, तरी आवाज आणि शांतता या दोन गोष्टी तेथेही उरतच होत्या. पुढे कार्ल रॉजर्स याने १९५७ साली असे मत मांडले, की उपचारकाची सचोटी, रुग्णाचा बिनशर्त स्वीकार आणि त्याच्या अनुभवाचे सहृदय आकलन रुग्णापर्यंत पोहोचणे, या उपचाराच्या आवश्यक अटी आहेत. ‘पोहोचणे’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. उपचारकाच्या मनात सहानुभूती असून भागत नाही. ती समोरच्याला जाणवली पाहिजे, आणि तशी ती बहुधा शब्दांच्या आधी पोहोचते.

याच सुमारास अमेरिकेत विल्यम कॉन्डन याने बोलणाऱ्या माणसांच्या बोलपटांची एकेक चौकट तपासण्याचे चिकाटीचे काम हाती घेतले. बोलणाऱ्याच्या उच्चारांशी ऐकणाऱ्याच्या सूक्ष्म हालचालींचा ताल जुळतो, असे त्याला १९६६ च्या सुमारास आढळले. पुढे डॅनियल स्टर्न याने माता आणि अर्भके यांचा अभ्यास करून १९८५ च्या आपल्या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद दाखविला. मूल आनंदाने हात आपटते तेव्हा आई तसाच हात आपटीत नाही. ती त्याच लयीत, त्याच जोमाने ‘अरे वा, वा!’ म्हणते. कृती निराळी, पण आवेग तोच. अर्थात आई मुलाच्या कृतीची नव्हे, तर कृतीमागील भावाची दखल घेते.

एडवर्ड ट्रॉनिक या संशोधकाचा ‘निश्चल चेहऱ्या’चा प्रयोग तर प्रसिद्धच आहे. १९७० नंतरच्या दशकात केलेल्या या प्रयोगात आईने बाळाशी नेहमीप्रमाणे खेळावयाचे, आणि नंतर थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवावयाचा. बाळ प्रथम हसून, हात पुढे करून आईला परत बोलाविण्याचा यत्न करते. ते साधले नाही म्हणजे तोंड फिरविते, कष्टी होते. परंतु त्याच संशोधकाचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. नेहमीच्या निरोगी खेळातही माता आणि मूल यांचा मेळ एकूण वेळेच्या जेमतेम एक-तृतीयांश इतकाच असतो, असे १९८९ च्या सुमारास दिसून आले. बाकीच्या वेळी सूर चुकतो, पुन्हा शोधला जातो, पुन्हा सापडतो. मुलाला जो आधार मिळतो, तो चुकलेला सूर परत सापडतो या अनुभवाचा. मानसोपचारातही जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन यांनी हेच सूत्र पुढे नेले. उपचारातील नात्याला तडा जाणे हे अपरिहार्य आहे. तो ओळखून सांधणे हाच उपचाराचा एक भाग होय.

मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

‘हे सर्व ठीक, परंतु त्याने रुग्ण बरा होतो काय?’ असा प्रश्न विचारणे रास्त आहे. त्याचे उत्तर दोन पायऱ्यांनी द्यावे लागते. उपचारक व रुग्ण यांच्यातील सहकार्याचे नाते आणि उपचाराचे फलित यांच्या संबंधावर आजवर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. २०१८ साली अशा २९५ अभ्यासांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यांत तीस हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. दोहोंतील सहसंबंध सुमारे ०.२८ इतका आढळला. म्हणजे रुग्णारुग्णांच्या फलितात जो फरक पडतो, त्यांपैकी सुमारे आठ टक्के फरकाची संगती या नात्याशी लागते. हा आकडा किरकोळ वाटेल. पण मानसोपचाराच्या फलिताशी संबंध असलेल्या घटकांत इतक्या सातत्याने आढळणारे घटक थोडेच आहेत.

दुसरी पायरी म्हणजे हे नाते देहाच्या हालचालींत दिसते काय, ही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील फाबियन रामझायर आणि वोल्फगांग चाखर यांनी २०११ साली सत्तर रुग्णांच्या १०४ बैठकींच्या चित्रफिती संगणकाने तपासल्या. दोघांच्या हालचालींचा मेळ केवळ योगायोगाने दिसेल त्याहून अधिक होता. आणि ज्या बैठकींत रुग्णांनी नाते चांगले असल्याचे सांगितले, त्यांत तो अधिक आढळला. मात्र येथे सावधगिरी हवी. मेळ असल्यामुळे नाते चांगले होते, की नाते चांगले असल्यामुळे मेळ दिसतो, हे अशा अभ्यासावरून ठरत नाही. नंतरच्या सर्व संशोधनांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. रुग्णाने पायावर पाय टाकला, की आपणही टाकावा, अशी युक्ती शिकविणारे वर्ग निघाले आहेत, त्यांना या संशोधनाचा काडीचाही आधार नाही. जाणूनबुजून केलेली नक्कल ओळखू आली, तर ती चेष्टा वाटते.

तद्वतच एका लोकप्रिय आकड्याचीही वासलात लावणे आवश्यक आहे. ‘संभाषणातील ९३ टक्के भाग अशाब्दिक असतो’ हे वाक्य व्याख्यानांतून आणि व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांतून सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ आल्बर्ट मेहरॅबियन याच्या १९६७ मधील दोन प्रयोगांत आहे. एकेक सुटा शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवून, अथवा त्याच्या जोडीला चेहऱ्याचे छायाचित्र दाखवून, बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखावयाची, एवढाच त्या प्रयोगांचा आवाका होता. त्यावरून सर्व मानवी संभाषणास नियम लावणे हे विज्ञान नव्हे. तसे असते, तर तमिळ न जाणणाऱ्यास तमिळ व्याख्यानाचा ९३ टक्के भाग समजावयास हवा होता!

माकडांच्या मेंदूत १९९० नंतर इटलीतील पार्मा येथे सापडलेल्या ‘आरसा-पेशीं’चीही हीच गत झाली. दुसऱ्याची कृती पाहताना आणि तीच कृती स्वतः करताना या पेशी उद्दीपित होतात, हा शोध महत्त्वाचा आहे खरा. परंतु मनुष्याच्या सहानुभूतीचे सारे रहस्य त्यांत उलगडले, असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

एकच गाव, दोन कोडी

आता पुन्हा गुम्मिडिपूंडीकडे वळू. या गावातील दोन रुग्णांची आपण केवळ कल्पना करू.

पहिला रुग्ण ओडिशातून आलेला तरुण कामगार आहे. त्याला झोप लागत नाही, छाती धडधडते, कामावर हात चालत नाही. डॉक्टर तमिळ आणि इंग्रजी जाणतात. रुग्ण ओडिया बोलतो आणि मोडके हिंदी. तो थांबत थांबत, हळू आवाजात, एकेका शब्दात उत्तरे देतो, खाली पाहतो. मानसिक स्थितीच्या तपासणीत रुग्णाची वेशभूषा, वर्तन, बोलण्याची गती, चेहऱ्यावरील भाव या साऱ्यांची नोंद करावयाची असते; आणि मंद बोलणे, उतरलेला चेहरा, नजर टाळणे ही खिन्नतेच्या विकाराची लक्षणे म्हणून शिकविली जातात. परंतु परक्या भाषेत शब्द शोधणारा निरोगी माणूसही असाच थांबत बोलतो. वडीलधाऱ्या अथवा अधिकारी माणसाच्या डोळ्याला डोळा न देणे हे तर आपल्याकडे मर्यादेचे चिन्ह आहे. म्हणजे भाषा तुटली, की केवळ शब्दच हरवतात असे नाही. देहाच्या खुणांचे वाचनही बिघडते. उलटपक्षी, ज्याच्या मनात खरोखरीच भयंकर विचार घोळत आहेत, तो एकाक्षरी उत्तरांच्या आड सहज लपून राहू शकतो. आत्मघाताचा विचार मनात आहे काय, हा प्रश्न खुणांनी विचारता येत नाही.

दुसरी रुग्ण छावणीतील मध्यमवयीन स्त्री आहे. तिची भाषा तमिळच आहे, डॉक्टरांचीही तमिळ. तेव्हा येथे अडचण काय, असे वाटेल. पण जाफन्याकडील तमिळ आणि चेन्नईकडील तमिळ यांत पुष्कळ भेद आहे. साधा होकार द्यावयाचा, तर एक ‘ओम्’ म्हणेल आणि दुसरा ‘आमा’. त्या भेदापेक्षाही मोठे अंतर अनुभवाचे आहे. ज्यांचे तारुण्य युद्धात आणि उरलेले आयुष्य नोंदणी, हजेरी आणि चौकशी यांत गेले, त्यांच्या दृष्टीने टेबलामागे बसून कागदावर लिहिणारा प्रत्येक माणूस हा प्रथम अधिकारी असतो. अशी स्त्री सर्व प्रश्नांची उत्तरे देईल, आणि काहीच सांगणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी अहमदनगर जिल्ह्यातील लोक ज्या कारणाने चेहरा मिटून घेत, त्याच कारणाने तीही घेईल.

पहिल्या रुग्णाजवळ डॉक्टरांशी बोलण्यास शब्द नाहीत. दुसरीजवळ शब्द आहेत, पण सूर जुळलेला नाही. दोघांनाही एकच औषध पुरणार नाही. माझे म्हणणे आहे ते एवढेच, की शब्द आणि सूर ही एकमेकांची जागा घेणारी साधने नव्हेत. एकाच्या अभावी दुसऱ्याचेही बळ घटते. ‘मायेला भाषा लागत नाही’ हे वचन ऐकावयास गोड आहे. परंतु ज्या राज्यात परप्रांतीय कामगार कारखाने चालवितात, तेथे त्याचा उपयोग दुभाष्याचा खर्च वाचविण्यासाठी होऊ लागला, तर तो अन्याय होय.

देहाच्या खुणा सार्वत्रिक असतात, या समजुतीवरही फार विसंबू नये. दक्षिणेत मान दोन्ही बाजूंस डोलवून होकार देतात. उत्तरेकडून नव्याने आलेल्यास तो नकार वाटण्याचा संभव असतो. मराठी माणूस जिभेने एकदा ‘च्’ करतो, तो नकार असतो. दोनतीनदा ‘च् च्’ करतो, ती हळहळ असते. हे कोठल्याही कोशात नाही, पण प्रत्येक मराठी मूल ते जाणते. देहालाही बोली असतात, आणि त्याही शिकाव्या लागतात.

आम्हां भाषांतरकारांना ही गोष्ट रोजच्या कामात भेटते. ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात जीव रमत नाही’, ‘काळजात धस्स झाले’ या तीन वाक्यांतील जीव आणि काळीज यांना इंग्रजीत एकेक नेमका शब्द नाही. तमिळ माणूस ‘मनसु सरियिल्लै’ म्हणजे ‘मन ठीक नाही’ असे म्हणतो. त्यात खिन्नता आहे, काळजी आहे, की घरातील भांडण आहे, हे म्हणणाऱ्याच्या स्वरावरून कळते. म्हणून चांगला दुभाषी शब्द तर देतोच, पण तो शब्द कोणत्या स्वरात उच्चारला गेला याकडेही उपचारकाचे लक्ष वेधतो.

हे शक्य आहे काय?

शक्य आहे, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली ‘श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान’ सुरू केले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस आसरा द्यावयाचा, उपचार करावयाचे आणि त्यांना घरी पोहोचवावयाचे, हे या संस्थेचे कार्य. तिचे केंद्र रायगड जिल्ह्यात कर्जत येथे आहे. तेथे येणारे रुग्ण भारताच्या कानाकोपऱ्यांतील असतात. आरंभी पुष्कळांच्या तोंडून नावगावही निघत नाही. अन्न, अंघोळ, औषध आणि सहवास यांनी विश्वास परत आला, म्हणजे बोलणे परत येते. आणि मग त्याची बोली जाणणारा कोणी गाठून गावाचा शोध लागतो. आधी सूर, मग शब्द, आणि मग घर, असा हा क्रम आहे; त्यातील कोणतीही पायरी गाळता येत नाही. या कार्याबद्दल डॉ. वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चेन्नईतही या परंपरेची मुळे खोल आहेत. तेथील सरकारी मनोरुग्णालयाचा आरंभ १७९४ सालचा. डॉ. शारदा मेनन यांनी १९६१ पासून १९७८ पर्यंत त्या रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले, आणि पुढे १९८४ साली छिन्नमनस्कतेच्या रुग्णांसाठी संशोधन व पुनर्वसन करणारी संस्था उभारली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. १९९३ साली वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी ‘द बनियन’ ही संस्था चेन्नईत स्थापन केली. निराधार मनोरुग्ण स्त्रियांच्या आसऱ्यापासून तिच्या कार्याचा आरंभ झाला.

यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो हलका नाही. आपल्या देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेथे सूर कधी जुळवावयाचा? त्यापेक्षा औषध लिहून द्यावे आणि पुढचा रुग्ण बोलवावा, हेच व्यवहार्य नव्हे काय?

औषधांचे मोल मी कमी लेखीत नाही. कित्येक विकारांत ती जीवन वाचवितात. परंतु औषध घेतले तरच गुण येणार, आणि महिनोन्‌महिने गोळी घेण्यास जो धीर लागतो, तो ती देणाऱ्यावरील विश्वासातून येतो. शिवाय निदानच चुकले, तर औषध उत्तम असून काय उपयोग? तेव्हा थोड्या वेळात जे साधेल, ते तरी निश्चित करावे. त्यासाठी माझ्या मते चार गोष्टी कराव्यात.

पहिली, जेथे परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने आहेत, त्या सरकारी दवाखान्यांत त्यांच्या भाषांचे प्रशिक्षित दुभाषी नेमावेत. मुकादम, खोलीतला सोबती अथवा नातलग यांना दुभाषी करू नये. ज्याच्यासमोर मन उघडावयाचे नाही, तोच नेमका मध्ये बसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास त्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. तो अंमलात आणावयाचा तर दुभाषी ही चैन नव्हे.

दुसरी, दुभाष्याने कोठे बसावे हे शिकवावे. तो रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे बसला आणि ‘मी’ असे प्रथमपुरुषीच बोलला, म्हणजे उपचारक व रुग्ण यांची तोंडे एकमेकांकडे राहतात. रुग्ण बोलत असताना डॉक्टरांनी दुभाष्याकडे नव्हे, तर रुग्णाकडे पाहावे. शब्द मागाहून येतील. पण चेहरा आणि आवाज त्याच क्षणी पाहावयाचे व ऐकावयाचे असतात.

तिसरी, पहिली दोन मिनिटे लेखणी आणि संगणक बाजूला ठेवावेत. ट्रॉनिकच्या प्रयोगातील निश्चल चेहऱ्याची बाळावर काय परिणती झाली, हे आपण पाहिलेच आहे. पडद्याकडे पाहत प्रश्न विचारणारा डॉक्टर रुग्णास त्याहून फार निराळा दिसत नसेल.

चौथी, वैद्यकाच्या व मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ऐकण्याचे रीतसर शिक्षण द्यावे. रुग्णाच्या संमतीने घेतलेल्या चित्रफिती पाहून, सूर कोठे चुकला आणि तो परत कसा मिळविला, याची चर्चा व्हावी. न चुकणारा उपचारक कोठेही नाही. चूक ध्यानात येणारा मात्र घडविता येतो.

दूरध्वनीवरील आवाज

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर वीस भाषांतून मानसिक आरोग्याचे साहाय्य मिळते. गुम्मिडिपूंडीतील ओडिया कामगारास आपल्या भाषेत बोलणारा माणूस त्यामुळे मिळू शकतो, ही मोठी सोय आहे. तेथे चेहरा दिसत नाही हे खरे. पण आवाज, श्वास, हुंदका आणि हुंकार हे उरतातच, आणि शब्दही आपले असतात. म्हणून या सेवेचे मी स्वागत करतो. मात्र आता यंत्रांशी लेखी बोलून मन हलके करण्याची चालही वाढत आहे. यंत्र नीटनेटकी वाक्ये देते. परंतु उत्तर लिहिण्यापूर्वी माणूस किती वेळ थांबला, त्याचे डोळे भरून आले होते काय, हे त्या अक्षरांत उमटत नाही. ज्याच्यावर संकट कोसळले आहे, त्याची निरवानिरव अशा साधनावर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी शाळांतील आणि ग्रंथालयांतील वाचकांस एक विनंती. मानसोपचार हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे, ते आपण करू नये. परंतु वर्गात परप्रांतातून आलेले नवे मूल गप्प बसलेले असेल, तर ते मंद आहे, घुमे आहे, असा निवाडा करण्यापूर्वी त्याच्या भाषेतील पाच-दहा शब्द शिकून घ्यावेत, आणि ते बोलू लागले म्हणजे घाई न करता ऐकावे. त्याचे दुःख आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर शिक्षकांस अथवा डॉक्टरांस सांगावे. आणि आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात कोणकोणत्या भाषा बोलणारे रुग्ण येतात व त्यांचे म्हणणे कोण समजून घेतो, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींस विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे; तो त्याने अवश्य बजावावा.